सिलिकॉनमधील केंद्रकीय स्पिन : क्यूबिटचे नियंत्रण आणि जोडणी

प्रस्तावना

क्वांटम संगणक हा विषय आता केवळ संशोधन संस्थांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यानंतर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील आयआयटी अशी चार केंद्रे ठरविण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदवी स्तरावरील मायनर अभ्यासक्रमाचा आराखडा जाहीर केला. साहजिकच कम्युनिटी कॉलेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स, रेफ्रिजरेशन किंवा संगणक दुरुस्ती शिकणारा विद्यार्थीही अध्यापकांना विचारू लागला आहे की, हे यंत्र नेमके काय आहे आणि त्यात आपल्याला काही स्थान आहे काय?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर यंत्राच्या आत काय घडते ते अध्यापकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. क्वांटम संगणक बनविण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा एकेक अणू बसवून त्याच्या केंद्रकाच्या स्पिनवर माहिती ठेवण्याची पद्धत अध्यापनाच्या दृष्टीने विशेष सोयीची आहे. कारण सिलिकॉन, फॉस्फरस, चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ तरंग हे तिचे चारही घटक बारावीच्या पाठ्यपुस्तकात येऊन गेलेले असतात. अणूचे केंद्रक बाहेरच्या जगापासून अलिप्त असते. ही अलिप्तता माहिती टिकविण्यास उपकारक ठरते. पण तीच त्या केंद्रकाशी संवाद साधण्यात आणि दोन केंद्रकांची गाठ घालून देण्यात अडथळा आणते. गेल्या पाव शतकाहून अधिक काळातील या क्षेत्राची वाटचाल म्हणजे या अडथळ्यावर शोधलेले उपाय होत.

१. स्पिन आणि क्यूबिट

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि अनेक अणूंची केंद्रके यांना विद्युतभाराप्रमाणेच स्पिन हा अंगभूत गुणधर्म असतो. त्यामुळे ते अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागतात. फॉस्फरस-३१ या केंद्रकाचा स्पिन अर्धा आहे. असे केंद्रक चुंबकीय क्षेत्रात ठेवले की त्याला दोनच ऊर्जापातळ्या मिळतात. क्षेत्राच्या दिशेने आणि क्षेत्राच्या विरुद्ध. एका पातळीला ० व दुसरीला १ म्हटले की माहितीचा एक बिट तयार होतो. मात्र साधा बिट एका वेळी ० किंवा १ असतो, तर केंद्रक या दोन अवस्थांच्या कोणत्याही अध्यारोपणात राहू शकते. म्हणून त्याला क्यूबिट म्हणतात.

या दोन पातळ्यांमधील अंतर चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात वाढते. एक टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनच्या केंद्रकासाठी ते सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झ, फॉस्फरस-३१ साठी सुमारे १७.२ मेगाहर्ट्झ आणि इलेक्ट्रॉनसाठी सुमारे २८ गिगाहर्ट्झ या वारंवारतेइतके असते. नेमक्या त्या वारंवारतेचा तरंग दिला तरच स्पिन उलटतो. यालाच चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालते. तेथे शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांना रेडिओ तरंगांनी वळविले जाते आणि त्यांचा प्रतिसाद टिपला जातो. ज्या विद्यार्थ्याने इंदूरच्या एखाद्या निदान केंद्राबाहेर एमआरआयची पाटी पाहिली आहे, त्याने केंद्रकीय स्पिनच्या नियंत्रणाचे एक रूप पाहिलेलेच आहे.

२. द्रवातील केंद्रकांपासून सुरुवात : मुंबई आणि पुणे

केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या इतिहासात भारताचा वाटा जुना आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्माट्टी व पॅकार्ड या तिघांनी इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजन केंद्रके एकाच नव्हे तर तीन वेगवेगळ्या वारंवारतांना प्रतिसाद देतात हे दाखविले. यांपैकी श्रीनिवास धर्माट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शाखेची उभारणी केली. एकाच रेणूतील केंद्रके वेगवेगळ्या वारंवारतांनी ओळखता येतात, म्हणजेच एकेका केंद्रकाला स्वतंत्रपणे ‘हाक मारता’ येते, हीच गोष्ट पुढे क्वांटम संगणनाला उपयोगी पडली. डिसेंबर २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी एका रेणूतील सात केंद्रकीय स्पिन वापरून १५ या संख्येचे अवयव पाडून दाखविले.

पुण्याच्या आयसर संस्थेत टी. एस. महेश यांच्या गटाने द्रवातील केंद्रकीय स्पिनवर क्वांटम माहितीचे अनेक प्रयोग केले. २०११ मध्ये या गटाने स्पिन हा साध्या चुंबकासारखा वागत नाही, तो पुंजयामिकीचेच नियम पाळतो, हे लेगेट-गर्ग असमानतेच्या कसोटीने तपासले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक विक्रम आठल्ये हे पुण्याच्या कमिन्स महाविद्यालयातील अध्यापक होते. महाविद्यालयात शिकविणाऱ्या व्यक्तीलाही या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करता येते, याचा हा दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे.

द्रवाच्या पद्धतीला मात्र एक मूलभूत मर्यादा आहे. तेथे एक रेणू नव्हे, तर असंख्य रेणूंचा एकत्रित संकेत मोजला जातो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा केंद्रकाच्या दोन पातळ्यांमधील अंतरापेक्षा फारच मोठी असते. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातही एक लाख हायड्रोजन केंद्रकांमागे अनुकूल दिशेची केंद्रके प्रतिकूल दिशेच्या केंद्रकांपेक्षा जेमतेम चारने जास्त असतात. क्यूबिट वाढवीत गेले की हा तुटपुंजा संकेत झपाट्याने क्षीण होतो. म्हणून शिकण्यासाठी व तत्त्वे तपासण्यासाठी ही पद्धत उत्तम असली, तरी मोठा संगणक तिच्यातून उभा राहणे कठीण आहे. त्यासाठी एकेकटे केंद्रक पकडून ठेवणारी घन जागा हवी होती.

३. केन यांची कल्पना

अशी जागा सिलिकॉनमध्ये आहे, हे १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी मांडले. ते त्या वेळी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात होते. त्यांची कल्पना समजण्यास एन-प्रकारच्या अर्धवाहकाचा पाठ पुरेसा आहे. सिलिकॉनच्या अणूला चार संयुजा इलेक्ट्रॉन असतात, फॉस्फरसला पाच. फॉस्फरसचा अणू सिलिकॉनच्या स्फटिकात एका जागी बसला की चार इलेक्ट्रॉन बंधांत गुंततात आणि पाचवा सैल राहतो. खोलीच्या तापमानाला तो सुटून विद्युतप्रवाहात सामील होतो. ट्रान्झिस्टर व डायोड यांचे कार्य त्यावरच चालते. पण अतिशीत तापमानाला तो सुटू शकत नाही. तो फॉस्फरसभोवती सुमारे दोन ते अडीच नॅनोमीटर त्रिज्येच्या ढगासारखा पसरून राहतो.

म्हणजे सिलिकॉनमधील फॉस्फरसचा एक अणू दोन स्पिन देतो. मध्यभागी केंद्रकाचा आणि भोवती इलेक्ट्रॉनचा. इलेक्ट्रॉनच्या ढगाचा काही अंश थेट केंद्रकावर असल्यामुळे दोघांमध्ये सुमारे ११७ मेगाहर्ट्झची जोडणी असते. केन यांनी सुचविले की माहिती केंद्रकावर ठेवावी आणि व्यवहार इलेक्ट्रॉनमार्फत करावा. अणूच्या वर धातूचे एक सूक्ष्म विद्युताग्र ठेवून इलेक्ट्रॉनचा ढग किंचित ओढला, तर केंद्रकाची वारंवारता बदलेल आणि हव्या त्या केंद्रकाला वेगळे गाठता येईल. दोन अणूंच्या मध्ये दुसरे विद्युताग्र ठेवून दोन ढग एकमेकांत मिसळू दिले किंवा वेगळे ठेवले, तर दोन केंद्रकांमधील जोडणी चालू व बंद करता येईल. नंतरच्या संशोधनात तपशील पुष्कळ बदलले. परंतु केंद्रक हे भांडार आणि इलेक्ट्रॉन हा मध्यस्थ, ही मांडणी कायम राहिली.

४. प्रारंभ आणि वाचन

कोणत्याही संगणकात प्रथम बिट ठरावीक स्थितीत आणावा लागतो आणि शेवटी तो वाचावा लागतो. केंद्रकाच्या बाबतीत ही दोन्ही कामे थेट करणे अवघड आहे. याचे कारण एका सोप्या गणिताने समजते. एक केल्विन तापमान सुमारे २०.८ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या तोडीचे असते. दीड टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांमधील अंतर ४२ गिगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे दोन केल्विन इतके होते. त्यामुळे ०.१ केल्विनपर्यंत थंड केले की इलेक्ट्रॉन जवळपास निश्चितपणे खालच्या पातळीत जातो. एकट्या फॉस्फरस केंद्रकाचे अंतर त्याच क्षेत्रात फक्त २६ मेगाहर्ट्झ आहे. ते एका केल्विनच्या हजाराव्या भागाच्या आसपास येते. केवळ थंड करून केंद्रकाला शिस्त लावणे म्हणूनच व्यवहार्य नाही. येथेही इलेक्ट्रॉनचीच मदत घ्यावी लागते.

एका इलेक्ट्रॉनचा स्पिन वाचण्याचे तंत्र आंद्रेआ मोरेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सिडनी येथे सिद्ध केले. फॉस्फरसच्या शेजारी एक अतिसंवेदनशील ट्रान्झिस्टर ठेवलेला असतो. इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत असेल तर तो अणू सोडून ट्रान्झिस्टरवर उडी घेऊ शकतो; खालच्या पातळीत असेल तर त्याला तेवढी ऊर्जा नसते. उडी पडली की अणूवरचा विद्युतभार बदलतो आणि ट्रान्झिस्टरमधील प्रवाहात क्षणभर फरक पडतो. चुंबकत्वाचा प्रश्न अशा रीतीने विद्युतभाराच्या प्रश्नात रूपांतरित होतो, आणि विद्युतभार मोजणे तुलनेने सोपे आहे.

केंद्रक वाचण्यासाठी हीच युक्ती एक पायरी पुढे नेली जाते. केंद्रक ‘वर’ असताना आणि ‘खाली’ असताना इलेक्ट्रॉनची अनुस्पंदन वारंवारता वेगळी असते. दोहोंतील फरक सुमारे ११७ मेगाहर्ट्झचा. यांपैकी एका वारंवारतेचा सूक्ष्मतरंग दिला आणि इलेक्ट्रॉन उलटला, तर केंद्रक अमुक स्थितीत आहे असे कळते. नाही उलटला तर दुसऱ्या. या वाचनात केंद्रकाची ० किंवा १ ही स्थिती जवळजवळ बदलत नसल्याने तेच माप पुनःपुन्हा घेता येते आणि चूक कमी होत जाते. २०१३ मध्ये जॅरिड प्ला व सहकाऱ्यांनी या पद्धतीने एकट्या फॉस्फरस केंद्रकाचे वाचन ९९.८ टक्के अचूकतेने केले. केंद्रक वळविण्यासाठी चिपवरच बसविलेल्या बारीक तारेतून रेडिओ तरंग सोडले जातात. स्पंद किती वेळ चालू ठेवला त्यावर केंद्रक किती अंशांनी वळेल ते ठरते. केंद्रक नको त्या स्थितीत आढळले तर त्याला वळवून घेता येते, आणि अशा रीतीने प्रारंभाचाही प्रश्न सुटतो.

५. शांत शेजार : सिलिकॉन-२८

क्यूबिट किती काळ आपली अवस्था टिकवतो, हा यानंतरचा प्रश्न होय. निसर्गात सिलिकॉनचे तीन स्थिर समस्थानिक आढळतात. सिलिकॉन-२८ सुमारे ९२.२ टक्के, सिलिकॉन-२९ सुमारे ४.७ टक्के आणि सिलिकॉन-३० सुमारे ३.१ टक्के. यांपैकी केवळ सिलिकॉन-२९ च्या केंद्रकाला स्पिन असतो. शंभरात जवळपास पाच असे हे सूक्ष्म चुंबक सतत डळमळत असतात आणि फॉस्फरसच्या भोवतीचे क्षेत्र अस्थिर करतात. म्हणून संशोधकांनी सिलिकॉन-२९ काढून टाकलेले, जवळपास शुद्ध सिलिकॉन-२८ वापरण्यास आरंभ केला. किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरविण्याच्या प्रकल्पासाठी बनविलेले गोलही अशाच समस्थानिकीय शुद्ध सिलिकॉनचे होते, हे अध्यापकांना येथे आठवेल.

याचा परिणाम मोठा झाला. २०१३ मध्ये कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या गटाने असंख्य फॉस्फरस केंद्रकांच्या समूहात क्वांटम अवस्था खोलीच्या तापमानाला ३९ मिनिटे, तर अतिशीत तापमानाला सुमारे तीन तास टिकल्याचे दाखविले. २०१४ मध्ये सिडनीच्या गटाने एकट्या केंद्रकावर ३० सेकंदांहून अधिक काळ नोंदविला. एक साधे वळण पार पडण्यास मायक्रोसेकंदांचा काळ लागतो. त्या मानाने ३० सेकंद हे दीर्घायुष्यच म्हटले पाहिजे. दोन्ही प्रयोगांत इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या अवस्थेत हा काळ मिळाला, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मध्यस्थ दूर गेला की केंद्रक अधिक शांत राहते. परंतु मध्यस्थ नसेल तर संवादही थांबतो.

६. जोडणी : दोन केंद्रकांची गाठ

एकेकटे क्यूबिट कितीही उत्तम असले तरी त्यांच्यात परस्परसंबंध घडविता आला नाही तर संगणक बनत नाही. दोन क्यूबिट अशा रीतीने गुंतवावे लागतात की एकाची अवस्था दुसऱ्याला वगळून सांगताच येऊ नये. यालाच एन्टँगलमेंट म्हणतात.

फॉस्फरसची दोन केंद्रके दहा नॅनोमीटर अंतरावर ठेवली तर त्यांच्यातील थेट चुंबकीय जोडणी किती असेल? हिशेब केला असता ती सुमारे ०.०२ हर्ट्झ येते. म्हणजे एका आंदोलनाला जवळपास ५० सेकंद. इतक्या मंद गतीने गणन करणे निरर्थक आहे. त्याच अंतरावर दोन इलेक्ट्रॉनांची चुंबकीय जोडणी सुमारे ५० किलोहर्ट्झ, म्हणजे पंचवीस लाख पटींहून अधिक असते. ढग एकमेकांत शिरले तर त्याहूनही पुष्कळ वाढते. म्हणून केंद्रकांची गाठ इलेक्ट्रॉनमार्फतच घालावी लागते.

याची पहिली यशस्वी रीत जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅटेउश मॉन्जिक, मोरेलो व सहकाऱ्यांनी दोन फॉस्फरस केंद्रके इतक्या जवळ मिळविली की दोघांभोवती मिळून एकच इलेक्ट्रॉन होता. दोन केंद्रकांच्या चार संभाव्य स्थिती असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनलाही चार वेगळ्या अनुस्पंदन वारंवारता मिळतात. यांपैकी एकच वारंवारता निवडून इलेक्ट्रॉनला पूर्ण ३६० अंशांची फेरी दिली जाते. ती फेरी केंद्रके ठरावीक स्थितीत असतील तरच घडते. फेरीनंतर इलेक्ट्रॉन मूळ जागी येतो. पण अर्ध्या स्पिनच्या कणाचा नियम असा की ३६० अंशांनंतर त्याच्या तरंगफलनाचे चिन्ह उलटते आणि ते पूर्ववत होण्यास ७२० अंश लागतात. हे उणे चिन्ह केंद्रकांच्या त्या एका स्थितीला चिकटते आणि दोन केंद्रके एकमेकांत गुंततात. मध्यस्थ मात्र जसा होता तसाच राहतो. या प्रयोगात एका क्यूबिटवरील क्रियेची अचूकता ९९.९५ टक्क्यांपर्यंत आणि दोन क्यूबिटांच्या क्रियेची ९९.३७ टक्के मिळाली. चूक दुरुस्त करणाऱ्या संगणकासाठी साधारणतः ९९ टक्क्यांचा उंबरठा मानला जातो. तो येथे ओलांडला गेला.

वर्गात ३६० आणि ७२० अंशांतील भेद दाखविण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. तळहातावर एक वाटी सपाट धरून हात न सोडता ती एकदा पूर्ण फिरविली की वाटी पहिल्या दिशेला येते, पण दंड पिळलेला राहतो. त्याच दिशेने आणखी एक फेरी, या वेळी डोक्यावरून, दिली की हात सरळ होतो. ही केवळ उपमा आहे. पण विद्यार्थ्यांच्या मनात कल्पना रुजविण्यास ती उपयोगी पडते.

तथापि एका इलेक्ट्रॉनभोवती किती केंद्रके गोळा करावयाची यालाही मर्यादा आहे. संख्या वाढली की वारंवारतांची गर्दी होते आणि एकीला हाक मारता दुसरीनेही ओ देण्याचा धोका वाढतो. त्यामुळे दूर असलेल्या केंद्रकांना, ज्यांचे इलेक्ट्रॉन स्वतंत्र आहेत, जोडणे आवश्यक ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये हॉली स्टेम्प, मोरेलो व सहकाऱ्यांनी सुमारे २० नॅनोमीटरपर्यंत दूर असलेल्या दोन केंद्रकांना त्यांच्या दोन इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेतून गुंतविल्याचे प्रसिद्ध केले. पूर्वीची केंद्रके एका खोलीत बसून बोलत होती. आता ती दोन खोल्यांतून बोलू लागली, असे विद्यार्थ्यांना सांगता येईल. डिसेंबर २०२५ मध्ये मिशेल सिमन्स यांच्या सिलिकॉन क्वांटम कम्प्युटिंग या कंपनीने ११ क्यूबिटांचा संच प्रसिद्ध केला. त्यात चार आणि पाच फॉस्फरस केंद्रकांचे दोन गट असून प्रत्येक गटाला एक इलेक्ट्रॉन आहे, आणि दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडणीतून दोन्ही गट एकत्र येतात.

७. अचूक जागा आणि विद्युत नियंत्रण

दोन इलेक्ट्रॉनांमधील जोडणी अंतराबाबत अत्यंत संवेदनशील असते. कोइलर, हू आणि दास सर्मा यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की सिलिकॉनच्या स्फटिकरचनेमुळे फॉस्फरसचा अणू एका जागेने सरकला तरी ही जोडणी बरीच बदलू शकते. म्हणून अणू नेमका कोठे बसला आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यावर दोन मार्ग आहेत. एकात फॉस्फरसचे आयन सिलिकॉनवर सोडले जातात. ही कारखान्यांत रुळलेली पद्धत आहे, पण अणूची जागा काहीशी नशिबावर राहते. दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाच्या अणुएवढ्या टोकदार सुईने पृष्ठभागावरील हायड्रोजनचे थोडे अणू उचलून जागा मोकळी केली जाते आणि तेथे फॉस्फीन वायूतून फॉस्फरस बसविला जातो. सिमन्स यांच्या गटाचा हा मार्ग आहे. या गटात फॉस्फरसच्या अणुसमूहांच्या स्पिनवाचनावर काम केलेले सुद्धसत्त महापात्र पुढे मुंबई आयआयटीत अध्यापक झाले.

नियंत्रणाबाबतही एक अडचण आहे. चुंबकीय तरंग एका बिंदूवर रोखून धरता येत नाही. तो शेजारच्या क्यूबिटांवरही पसरतो. विद्युतक्षेत्र मात्र बारीक टोकावर सहज एकवटते. २०२० मध्ये सिडनीच्या गटाने अँटिमनी-१२३ या केंद्रकाला केवळ विद्युतक्षेत्राने वळवून दाखविले. या केंद्रकाचा स्पिन सात-द्वितीयांश असल्याने त्याला दोनऐवजी आठ पातळ्या मिळतात. फॉस्फरसच्या बाबतीत इलेक्ट्रॉन व केंद्रक यांनी एकत्र उलटापालट करण्याची ‘फ्लिप-फ्लॉप’ पद्धत २०१७ मध्ये सुचविण्यात आली आणि २०२३ मध्ये प्रत्यक्षात आली.

८. इंदूरच्या दृष्टीने

हे सारे काम प्रामुख्याने सिडनीत झाले. तरीही ज्या तंत्रांवर ते उभे आहे ती इंदूरला परकी नाहीत. १९८४ मध्ये स्थापन झालेले आणि डिसेंबर २००५ पासून राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रगत तंत्रज्ञान केंद्र याच शहरात आहे. तेथील इंडस-१ व इंडस-२ या यंत्रांत इलेक्ट्रॉन निर्वात नळीत फिरत ठेवले जातात आणि त्यांना रेडिओ तरंगांनी ऊर्जा पुरविली जाते. इंडस-१ मध्ये सुमारे ३१.६ मेगाहर्ट्झ, इंडस-२ मध्ये सुमारे ५०५.८ मेगाहर्ट्झ. दीड टेस्ला क्षेत्रातील फॉस्फरस केंद्रक, इलेक्ट्रॉन सोबत असता, सुमारे ३३ आणि ८५ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देते. उद्दिष्टे निराळी, शक्तीच्या मात्रा तर फारच निराळ्या. पण तरंग निर्माण करणे, त्याची कला स्थिर ठेवणे, तो केबलमधून न गमावता पोहोचविणे, ही कौशल्ये एकाच कुळातील आहेत.

थंडीचेही तसेच. या केंद्रात नायोबियमच्या अतिसंवाहक पोकळ्या दोन केल्विन तापमानाच्या द्रव हेलियममध्ये तपासल्या जातात. खंडवा रोडवरील विद्यापीठ परिसरात असलेल्या यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघातही पदार्थांची अतिशीत तापमानातील व तीव्र चुंबकीय क्षेत्रातील मापने होतात आणि देशभरातील विद्यापीठांचे संशोधक त्यासाठी येतात. सिलिकॉनचे क्यूबिट याहून वीसपट किंवा अधिक थंड ठेवावे लागतात; परंतु द्रव हेलियम हाताळणे, गळती शोधणे, निर्वात राखणे हा पहिला जिना तोच आहे.

येथेच विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. क्वांटम संगणकाची प्रयोगशाळा केवळ सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांवर चालत नाही. तिला निर्वात पंप दुरुस्त करणारे, शीतयंत्राची देखभाल करणारे, सूक्ष्मतरंगांच्या जोडण्या तपासणारे, बारीक सोल्डरिंग करणारे आणि मापनयंत्रांसाठी आज्ञावली लिहिणारे हात लागतात. मात्र अध्यापकांनी एक पथ्य पाळले पाहिजे. या क्षेत्रातील नोकऱ्या आज संख्येने थोड्या आहेत आणि राष्ट्रीय मिशनचा भर मुख्यतः अन्य प्रकारच्या क्यूबिटांवर आहे. ‘क्वांटम’ हा शब्द लावलेल्या प्रत्येक लघुअभ्यासक्रमातून रोजगार मिळेल असे सांगणे विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या फी भरणाऱ्या कुटुंबांची फसवणूक ठरेल. वर उल्लेखिलेली मूळ कौशल्ये मात्र रुग्णालयातील एमआरआय, औषधनिर्मिती, शीतगृहे आणि दूरसंचार या सर्वच ठिकाणी चालतात. ती नीट शिकविली तर विद्यार्थ्याचे नुकसान कोणत्याही परिस्थितीत होत नाही.

९. अध्यापनासाठी काही सूचना

पहिली, वारंवारतेचे गणित सोडवून घ्यावे. एक, दीड व तीन टेस्ला क्षेत्रात हायड्रोजन, फॉस्फरस आणि इलेक्ट्रॉन यांच्या वारंवारता काढून तक्ता करावा आणि त्या रेडिओच्या कोणत्या पट्ट्यात पडतात ते पाहावे. दुसरी, त्या वारंवारतांचे तापमानात रूपांतर करवून, इलेक्ट्रॉनसाठी ०.१ केल्विन का पुरते आणि केंद्रकासाठी का पुरत नाही, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे असा आग्रह धरावा. तिसरी, होकायंत्राची सुई पट्टीचुंबकाच्या क्षेत्रात हलवून तिची आंदोलने मोजावीत; चुंबक जवळ आणला की आंदोलने जलद होतात हे प्रत्यक्ष दिसते. मात्र सुईला कोणतीही दिशा घेता येते, स्पिन मोजला की दोनच उत्तरे मिळतात, हा भेद त्याच तासाला स्पष्ट करावा. चौथी, अर्धवाहकाचा पाठ शिकविताना तापमान कमी झाल्यावर फॉस्फरसच्या पाचव्या इलेक्ट्रॉनचे काय होते, हा प्रश्न अवश्य विचारावा. पाठ्यपुस्तकातून या विषयाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट तीच आहे.

समारोप

सिलिकॉनमधील केंद्रकीय स्पिन दीर्घकाळ टिकतो, कारण तो कोणाशी सहज बोलत नाही. त्याला बोलके करण्यासाठी इलेक्ट्रॉन हा मध्यस्थ योजावा लागला. त्याच्यामार्फत केंद्रकाला शिस्त लावता आली, त्याची अवस्था वाचता आली आणि अखेर दोन केंद्रकांची गाठ घालता आली. १९९८ मधील कल्पनेपासून २०२५ मधील ११ क्यूबिटांच्या संचापर्यंतचा हा प्रवास सत्तावीस वर्षांचा आहे आणि उपयुक्त संगणकापासून तो अद्याप बराच दूर आहे. तरीही प्रत्येक टप्पा साध्या प्रश्नातून पुढे गेला. थंड किती करावे, तरंग कोणता द्यावा, शेजारी कोण असावा, आणि दोघांच्या मध्ये कोणाला ठेवावे. हे प्रश्न कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात, फळ्यावर आणि साध्या गणिताच्या साहाय्याने विचारता येतात. ज्या विद्यार्थ्याला ते समजतील त्याला या विषयाच्या नावाचे दडपण वाटणार नाही आणि त्याच्या नावाने दिली जाणारी पोकळ आश्वासनेही त्याला ओळखता येतील.